आखूड झालेलं नाव

"रिकामा पाळणा हलवू नगंस," असं म्हणत हौसाक्कानं माझ्या हातावर चापट मारली.

मी हात मागं घेतला. पंखा काढून त्याच्या हुकाला आम्ही पाळणा टांगला होता. त्याच्या कड्या करकरतात का, एवढंच मी बघत होते. गाणं ध्वनिमुद्रित करायला आलेल्या बशीरभाईंना गाण्याच्या मागं ती करकर हवी होती.

"आक्का, बाळ कागदावर आहे," मी म्हटलं. "चित्रातलं. पाळण्यात कुणी नसणारच."

"मग आमी काय लाकडाला झोपवायचं? रिकाम्या पाळण्याला गानं म्हनू नये. वंगाळ असतंय ते."

शेजारी बसलेल्या तिच्या जावेनं, कमळाकाकूनं, मान हलवली. कमळाकाकू फारसं बोलत नसे, पण आक्काच्या प्रत्येक वाक्याला तिची मान हजर असायची.

या गोष्टीला आता वीस वर्षं झाली. कोल्हापुरात गंगावेशीजवळ, एका पिठाच्या गिरणीच्या वरच्या दोन खोल्यांत आमचा कार्टूनपटांचा स्टुडिओ होता. स्टुडिओ हा शब्द आम्हीच वापरायचो. गिरणीवाले आम्हाला 'वरची चित्रं' म्हणायचे. पोतदार गोष्ट लिहायचे आणि मी चित्रं काढायची. कागदामागं कागद, दिव्याच्या काचेवर ठेवून. एका मुलीला अंगणातून उंबऱ्यापर्यंत चालवायची, तर कागदांचा गठ्ठा संपायचा आणि माझी मान आखडायची.

तेव्हा आमच्या हाती वीस मिनिटांचा एक बालचित्रपट होता. म्हणजे अजून पुरता हाती नव्हता. पुण्याच्या ज्या संस्थेला तो हवा होता, तिला सोमवारी सुरुवातीचा भाग दाखवायचा होता. आवडला तर पुढचं काम आमचं, नाहीतर ते मुंबईला जाणार आणि स्टुडिओला कुलूप लागणार. सुरुवातीला होता नायिकेचा जन्म आणि पाळणा. म्हणून शनिवारी सकाळी भोगावतीकाठच्या गावातून या दोघी आल्या होत्या. पाळणे म्हणावेत तर त्यांनीच, असं सगळे सांगायचे. त्यांच्यासाठी खालच्या गिरणीवाल्यानं मोठ्या मनानं गिरणी बंद ठेवली होती आणि जिन्याखाली डबे घेतलेल्या बायकांची रांग वाढत होती.

पोतदार घाम पुसत पुढं आले. "आक्का, रिकामा नको ना? मग बाळच ठेवू." त्यांनी माझ्या टेबलावरचा कागदांचा गठ्ठा उचलला आणि दुपट्यासकट पाळण्यात ठेवला. "ही घ्या आमची मुलगी."

मला वाटलं, आता या बायका चिडणार. आक्का मात्र उठली, पाळण्यात वाकून तिनं वरचा कागद नीट पाहिला.

"बारीक हाय पोर," ती म्हणाली. "नाव काय?"

पोतदारांनी माझ्याकडं पाहिलं. गठ्ठ्यावर नाव म्हणून नुसतं 'मुलगी' लिहिलेलं होतं. नाव शोधायचं काम पोतदारांनी माझ्यावर टाकलं होतं आणि मी चार महिने चालढकल करत होते.

"म्हंजे बारसंच व्हायचं हाय," आक्का खूश होऊन म्हणाली. "मग कसला पाळणा म्हनताय? आधी वरवंटा आना. हिचा बाप कोन?"

"गोष्ट मी लिहिलीय," पोतदार म्हणाले.

"मग तुमी बाप. आन तू गं? तू ह्यांना काय म्हनतीस?"

"पोतदारदादा."

"मग तू आत्या. झालं. नाव तूच ठेवायचं. ये हिकडं, वाक, आन सांग हिच्या कानात."

आता हे सगळं हसण्यावारी न्यायचं होतं. वाकायचं, कागदाच्या कानात सीता, गीता काहीतरी कुजबुजायचं आणि मोकळं व्हायचं. पण 'आत्या' हा शब्द कानावर पडला आणि ते जमलं नाही. मी तिथंच, चटईवर, पदर नव्हता म्हणून ओढणी तोंडाला लावून रडायला लागले. पोतदार बिचारे खिडकीतून बाहेर बघायला लागले. रडणाऱ्या बाईपुढं काय करायचं हे त्यांनी कुठल्याच गोष्टीत लिहिलेलं नव्हतं.

कमळाकाकूनं माझ्या पाठीवर हात ठेवला. मग मी सांगितलं.

माझं गाव त्यांच्याच वाटेवर, कोल्हापूरपासून तासाभरावर. आईवडील गेल्यावर घरात थोरला भाऊ आणि वहिनी. दादानं माझी सोयरीक जमवली होती, सुपारी फुटली होती. ऊसवाले लोक होते, वाईट नव्हते. पण लग्नानंतर चित्रं काढायची नाहीत असं त्यांनी गोड बोलून सांगितलं आणि मी तेवढंच गोड बोलून लग्न मोडलं. दादाची चारचौघांत मान खाली गेली. तो म्हणाला, "आता ह्या घरात तुझं काय ऱ्हायलं न्हाई." मी एस.टी. धरली. लग्न मोडल्याचं मला तेव्हाही वाईट वाटलं नव्हतं, आजही वाटत नाही. वाईट वाटायचं ते पुढचं. वर्षानं दादाला मुलगी झाली आणि मला कुणी कळवलं नाही. बाजारात भाजी विकायला येणाऱ्या आमच्या गावच्या इंदूकडून कळलं. तिच्याकडूनच हेही कळलं की बारसं झालेलंच नाही. दादा म्हणतो, तिला बोलवायचं नाही. वहिनी म्हणते, सख्खी आत्या असताना दुसरीच्या तोंडून नाव नको. दोघंही हटून बसलेत आणि पोर तीन वर्षांची झाली तरी तिला सगळे भिंगरीच म्हणतात.

"आन तुझ्याकडं नाव हाय," आक्का म्हणाली.

"आहे." लहानपणी मी आणि दादानं चिंध्यांच्या एका बाहुलीचं बारसं केलं होतं. दादा बाप, मी आत्या. आईनं मूठभर घुगऱ्यासुद्धा शिजवून दिल्या होत्या. तेव्हा मी ठेवलेलं नाव दादाला इतकं आवडलं होतं, की माझ्या पोरीचंही हेच ठेव, म्हणाला होता. ते नाव मी दुसऱ्या कुणाला देऊ शकत नव्हते. आणि दुसरं कुठलं सुचत नव्हतं.

हौसाक्कानं तोंडातली सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात नेली.

"घरची पोर बिननावाची, आन कागदाच्या पोरीचं बारसं? हे काय मी म्हननार न्हाई," ती उठत म्हणाली. "आधी तिकडं. मग हिचं."

"आक्का, सोमवारी द्यायचंय हो," पोतदार म्हणाले.

"आज शनवार हाय. तुमची गाडी हाय न्हवं खाली? आमचं गाव त्याच रस्त्याला पुढं हाय. ह्ये यंत्र गाडीत बसंल का?"

बशीरभाई म्हणाले, बसेल.

"दादा मला दारात उभी करणार नाही," मी म्हटलं.

"तुला नसंल करत. मी पाळणा घेऊन आल्यावर कोन न्हाई म्हनतंय ते बघतो." आमच्याकडच्या बायका 'बघतो'च म्हणतात, आणि हौसाक्काच्या तोंडी ते शोभायचंही.

पोतदारांना माझ्या भावाबहिणीच्या भांडणाशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांना गाणं हवं होतं. त्यांनी मुकाट्यानं पाळणा खाली उतरवला आणि व्हॅनच्या टपावर बांधला. खाली डबेवाल्या बायकांनी आम्हाला वाट दिली, गिरणी पुन्हा घरघरायला लागली आणि आम्ही निघालो. आक्कानं वाटेत गाडी थांबवून एक नारळ घेतला. कागदाचा गठ्ठा माझ्या मांडीवर होता. चार वेळा मी म्हटलं, परत फिरू या. चारही वेळा कमळाकाकूनं मान आडवी हलवली.

आमच्या दारात गाडी थांबली तेव्हा दादा सोप्यात बसून फवारणीचा पंप पुसत होता. टपावरचा पाळणा आधी दिसला असावा, कारण तो गोंधळून उठला. मग मी उतरले आणि त्याचा चेहरा बंद झाला.

पण हौसाक्का माझ्या पुढं होती. "पावनं, लांबनं आलोय," ती पायरीवर टेकत म्हणाली. "पानी द्या आधी."

आमच्याकडं दारात पाहुणा आला की आधी तांब्या पुढं येतो, राग मागून. दादानं घराकडं तोंड करून पाणी मागितलं आणि पंप पुन्हा पुसायला घेतला. पुसलेलाच पंप.

अंगणात एक मुलगी हात पसरून स्वतःभोवती गरगर फिरत होती. फिरून फिरून थांबली, झोकांडी गेली, एक पाय दुसऱ्या पायात अडकला आणि बरोबर माझ्यासमोर येऊन ती खाली बसली. लाल फ्रॉक, गुडघ्याच्या बराच वर.

"ह्यो फ्रॉक आखूड झालाय," तिनं मला पहिल्यांदा हेच सांगितलं. "आता मावशीच्या बाळीला द्यायचाय. तू कोन?"

मी दादाकडं पाहिलं. कोण म्हणून सांगू, ते दादानं ठरवायचं होतं.

"म्हनं ह्या घरात एक बारसं ऱ्हायलंय," हौसाक्का म्हणाली.

"कुनी सांगितलं?" दादा माझ्याकडं न बघता म्हणाला. "पोर तीन वर्साची झाली. आता कसलं बारसं? लोक हसतील."

"हसू द्यात की. बारशाला हसायलाच यायचं असतंय."

"मला ह्यातलं काय नको हाय. पानी प्या, च्या घ्या आन..."

वहिनी तांब्या घेऊन बाहेर आली होती. तिनं तांब्या आक्कापुढं ठेवला. पाळण्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. चार वर्षांनी बघत होतो आम्ही एकमेकींना. ती वळून आत गेली. मला वाटलं, झालं, हिनंही पाठ फिरवली. पण ती परत आली तेव्हा तिच्या एका हातात वरवंटा होता. दुसऱ्या हातात हिरव्या खणाचं, जरीच्या काठाचं तान्ह्या बाळाचं टोपडं. नवंकोरं. घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

दादा त्या टोपड्याकडं बघतच राहिला. "हे कवा शिवलंस?"

"बाराव्या दिवसासाठी," वहिनी म्हणाली. "पेटीत हुतं."

दादानं पंप बाजूला ठेवला, मग कुणी त्याला विचारायला थांबलं नाही. पोतदार आणि बशीरभाईंनी सोप्याच्या तुळईला पाळणा टांगला. टोपडं पोरीच्या डोक्यात जाण्यासारखं राहिलं नव्हतं, ते वरवंट्याला बांधलं. कमळाकाकूनं वरवंटा पाळण्याखालून दिला, वहिनीनं तो वरून घेतला. शेजारच्या दोघी-तिघी आवाज ऐकून आल्या आणि न सांगता गोल करून बसल्या. मग वहिनीनं भिंगरीला उचलून पाळण्यात बसवलं. तिचे दोन्ही पाय बाहेर लोंबत होते आणि ती ते पाय हलवून स्वतःच झोके घ्यायला लागली. कड्या छान करकरायला लागल्या. बशीरभाईंनी कोपऱ्यात यंत्र सुरू केलं.

हौसाक्कानं घसा साफ केला आणि थांबली.

"आता पाळणा म्हनू कुठला?" ती पहिल्यांदाच जरा अडखळली. "देवाचा येतो, राजाचा येतो. पोरीचा म्हनून न्हाई माझ्याकडं. पोरीच्या बारशालाबी आमी त्योच म्हनतो."

"माझा म्हन," पाळण्यातून आवाज आला.

बायका हसल्या. आक्का नाही हसली. तिनं डोळे मिटले, पाळण्याची दोरी ओढली आणि म्हणायला लागली.

*पहिल्या दिवशी उजाडलं दारी,*
*लेक आली गं हसत घरी, जो जो जो.*

दुसरा दिवस कमळाकाकूनं घेतला. इतका वेळ नुसती मान हलवणाऱ्या त्या बाईचा आवाज एवढा मोकळा असेल असं मला वाटलं नव्हतं.

*दुसऱ्या दिवशी उघडली मूठ,*
*मुठीत तिच्या नदीचा काठ, जो जो जो.*

मग प्रत्येकीनं एकेक दिवस घेतला. कुणाच्या दिवसात पोर चंद्राला हाक मारत होती, कुणाच्या दिवसात ओढ्याला पूर आला तरी थांबत नव्हती. एकीनं तिला रांगोळी काढायला बसवलं, तर दुसरीनं लगेच उठवून डोंगरावर धाडलं, आणि त्या दोघींची गाण्यातच जरा जुंपली. मी मांडीवरच्या कागदाच्या मागच्या बाजूला पेन्सिलीनं रेघा मारत होते. चित्रं आपोआप येत होती. चार महिने मी जी मुलगी काढत होते तिला कुठं जायचंय हेच मला माहीत नव्हतं, म्हणून ती चालली तरी चालल्यासारखी वाटत नव्हती.

अकरा दिवस झाले. आक्कानं दोरी वहिनीच्या हातात दिली. "बारावा आईनं म्हनायचा."

वहिनी गाणारी नव्हे. निदान मी तिला कधी गाताना ऐकलं नव्हतं. ती कितीतरी वेळ दोरी धरून उभी राहिली. दादा आमच्याकडं पाठ करून उंबऱ्याजवळ बसला होता. तिनं त्याच्याकडं पाहिलं नाही, माझ्याकडंही नाही. पाळण्याकडं बघत, अगदी खालच्या आवाजात म्हणाली.

*बाराव्या दिवशी नाव ना गाव,*
*आत्याच्या वाटेनं लेकीची धाव, जो जो जो.*

जो जो म्हणायला कुणाचाच आवाज वर आला नाही. तीन वर्षं तिचं हे म्हणणं नवऱ्यानं उडवून लावलं होतं. गाण्यातलं काढून टाक असं मात्र कुणाला म्हणता येत नाही.

दादा उठला. मला वाटलं, आता हा पाळणा उतरवणार. तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"बघत काय बसलीस?" तो म्हणाला. "कान तिकडं हाय."

मी वाकले. मला नीट दिसत नव्हतं. तिच्या केसांना खोबरेल आणि धुळीचा वास होता. मी ओठ कानाजवळ नेले तर ती खिदळली. "हळू की, गुदगुल्या हुत्यात." मी नाव सांगितलं आणि पाठीत धपाटे बसायला लागले. नाव ठेवणाऱ्या आत्याच्या पाठीत बायका गमतीनं धपाटे घालतात, पण मला तीन वर्षांचे एकदम बसले. सगळ्यांत जोरदार धपाटा वहिनीचा होता. तो घातल्यावर तिनं हात उचललाच नाही, तसाच माझ्या पाठीवर ठेवला.

"काय ठेवलंस?" दादानं विचारलं.

"मंजुळा," पाळण्यातली मुलगी ओरडली. "मी मंजुळा हाय."

दादानं पाळण्याची कड धरली. मग म्हणाला, "त्या बाहुलीचा एक डोळा बटनाचा हुता."

"तुझ्या शर्टाचं बटण होतं," मी म्हटलं. "आईनं मारलं होतं तुला."

"मला न्हवं, तुला," तो म्हणाला आणि बशीरभाईंच्या यंत्राकडं बोट दाखवून विचारायला लागला, की यात काय काय उमटतं.

वहिनीनं चहा टाकला. हौसाक्का काही विसरणारी बाई नव्हती. चहाची बशी खाली ठेवताच ती म्हणाली, "आता कागदाची पोर. आना तिला."

मंजुळाला उतरवून गठ्ठा पाळण्यात ठेवला. सगळे माझ्याकडं बघायला लागले, आणि माझ्याकडं देण्यासारखं नाव उरलं नव्हतं. मंजुळा पाळण्याच्या काठाला धरून टाचा उंच करून आत बघत होती.

"हिला नाव न्हाई?"

"नाही अजून."

तिनं विचार केला. "मग माझं जुनं घे की. भिंगरी. मला आता आखूड झालंय."

परतीच्या वाटेवर पोतदार गाडी इतकी हळू चालवत होते की सायकलवाले पुढं जात होते. आक्का आणि कमळाकाकूला त्यांच्या गावात सोडलं तेव्हा अंधार पडायला लागला होता. बऱ्याच वेळानं पोतदार म्हणाले, "वैजू, पोपट काढून टाकू या."

आमच्या गोष्टीत एक बोलका पोपट होता आणि एक सोन्याचं पैंजण, जे शोधायला नायिका निघते. पोपट माझा नावडता होता, पण पुण्याच्या लोकांना तो पसंत होता.

"पैंजणाचं काय?"

"तेही नको. ती आत्याला आणायला निघते. आपलं नाव आणायला. गाण्यातच आहे सगळं, मी उगीच लिहीत बसलो होतो."

सोमवारी आम्ही तेच दाखवलं. मागं कड्यांची करकर, बायकांचं हसू, अंगणातल्या कोंबड्या, सगळं तसंच ठेवलं. 'हळू की, गुदगुल्या हुत्यात' हे बशीरभाई कापणार होते, त्यांना पोतदारांनी कापू दिलं नाही. पुण्याच्या संस्थेतल्या बाईंनी ते तीनदा ऐकलं आणि पोपटाची चौकशीही केली नाही. काम आम्हाला मिळालं.

भिंगरी पुरी व्हायला वर्ष लागलं. पहिला खेळ आम्ही आमच्याच गावच्या शाळेत लावला, पडद्याऐवजी पांढरी चादर बांधून. हौसाक्का आणि कमळाकाकू खुर्च्यांवर, पोरं खाली. मंजुळा सगळ्यांत पुढं बसली होती आणि शेजारच्या प्रत्येकाला सांगत होती की हे नाव आधी माझं होतं, मी दिलंय. दादा माझ्याजवळ, मागं भिंतीला टेकून उभा होता.

चादरीवर भिंगरीनं ओढा ओलांडला, डोंगर चढली, चंद्राला हाक मारली. शेवटी धापा टाकत ती आत्याच्या दारात पोचते. कडी वाजवायला हात वर करते, तोच दार उघडतं. आत्या अशी मी काढलीच नव्हती. फक्त दार आणि एक हात.

दादा माझ्याकडं झुकला. "कडी वाजवायच्या आदीच दार उघडतंय व्हय?"

"आत्याचं दार आहे ते," मी म्हटलं. "ती आतून वाटच बघत असते."

चादरीवरचा उजेड त्याच्या तोंडावर हलत होता.

"आमीच लई येळ लावला यायला," तो म्हणाला.

मी त्याचा हात धरला. पुढच्या रांगेतून मंजुळा मागं वळली आणि आम्हा दोघांवर डोळे वटारले.

"हळू बोला की," ती म्हणाली. "माझी भिंगरी घरात चाललीया."